ढगात शिरल्यावर ऐकायचे कोणाचे?



या वेळी दोन पत्रे एकाच विषयावर आली. पहिले मेहकर तालुक्यातील एका मुलीचे. ती बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. ती विचारते, “रात्री किंवा ढगात बाहेर काहीच दिसत नसताना विमान सरळ आहे की वाकडे, हे वैमानिकाला कळते कसे? अब्बूंना मी हे समजावून सांगू शकले, तर ते पुढचे ऐकतील.” दुसरे पत्र खामगावच्या एका भगिनींचे. जानेवारीत त्या पतीसह उमराहला निघाल्या होत्या. धुक्यामुळे विमान काही तास उशिरा सुटले. त्या लिहितात, “समोरच्या इमारतीचे दिवे आम्हाला काचेतून स्पष्ट दिसत होते. मग वैमानिकाला कसली भीती वाटत होती?”

दोन्ही प्रश्न साधे वाटतात, पण दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. तरी हज-उमराहला जाणारे, आखातात नोकरीला असणारे आपल्या ओळखीत असतातच. ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नागपूर किंवा मुंबई गाठतात आणि आपण घरी मोबाईलकडे बघत बसतो. म्हणून कॉकपिटमध्ये निर्णय कसे होतात हे आपल्यालाही माहीत असलेले बरे.

शरीर खोटी साक्ष देते

सुरुवात कानापासून करू. कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. त्यामुळे आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो की आपण वळत आहोत. इथवर सगळे ठीक. पण वळणे त्याच वेगाने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो. केस पुन्हा सरळ होतात. मेंदूला वाटते, वळणे थांबले. प्रत्यक्षात ते चालूच असते.

घरी करून पाहा. फिरत्या खुर्चीवर मुलाला बसवा, डोळे मिटायला सांगा आणि एकसारख्या संथ गतीने अर्धा मिनिट फिरवा. मग खुर्ची हळूच थांबवा आणि डोळे मिटलेले असतानाच विचारा, “आता कोणत्या बाजूला फिरतो आहेस?” बहुतेक मुले उलटी दिशा सांगतात. खुर्ची मात्र धरून ठेवा, तोल जातो.

जमिनीवर ही चूक डोळे लगेच सुधारतात. भिंत दिसते, झाड दिसते, मेंदू शहाणा होतो. ढगात डोळ्यांना धरायला काहीच नसते. शिवाय विमान एका बाजूला फार हळू कलले, सेकंदाला दोन अंशांपेक्षाही कमी गतीने, तर कानाला ते कळतच नाही. वैमानिक निवांत बसलेला असतो, आपण सरळ जात आहोत अशी त्याची खात्री असते आणि विमान कलत जाते. कललेले विमान वळू लागते, नाक खाली जाते, वेग वाढतो. वैमानिकाला फक्त एवढेच जाणवते की आपण खाली चाललो आहोत. तो नाक वर ओढतो. विमान कललेलेच असल्यामुळे त्या ओढण्याने ते वर न जाता वळण आणखी आवळते. असे घिरट्या घेत विमान जमिनीकडे जाते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली यावर एक प्रयोग केला. उपकरणांवरून उडण्याचे शिक्षण न घेतलेले वीस वैमानिक घेतले. सोबत प्रशिक्षक होते, पण बाहेरचे दृश्य त्यांना दिसू दिले नाही. एकेक करून वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. कोणाचा वीस सेकंदांत, तर कोणाचा आठ मिनिटांत. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. चांगल्या हवेत हेच लोक विमान नीट चालवत होते. म्हणजे अडचण हाताच्या कौशल्याची नव्हती. त्यांनी अशा साक्षीदारावर विश्वास ठेवला होता, ज्याला त्या परिस्थितीत खरे सांगताच येत नाही. तो साक्षीदार म्हणजे स्वतःचे शरीर.

सहा घड्याळे, दोन घराणी

यावर उपाय म्हणून विमानात समोर उपकरणे बसवली गेली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जेम्स डूलिटल या वैमानिकाने आपली बैठक वरून पूर्ण झाकून घेतली आणि केवळ उपकरणांकडे बघत विमान उडवले, फिरवून आणले व उतरवले. पुढच्या बैठकीवर सुरक्षेसाठी दुसरा वैमानिक होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. आज ढगातून जाणारे प्रत्येक विमान त्याच वाटेने जाते.

मुख्य उपकरणे सहा. ती दोन घराण्यांत वाटलेली आहेत, हे लक्षात ठेवले की बाकीचे सोपे होते.

पहिले घराणे भोवऱ्याचे. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, हे आपण लहानपणी पाहिले आहे. चौकटीत बसवलेले असे फिरते चाक विमान कितीही कलले तरी आपली दिशा धरून ठेवते. त्यावर तीन उपकरणे चालतात. कृत्रिम क्षितिज : यात वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन आणि मध्ये छोटेसे विमान असते. विमान किती कलले आणि नाक वर आहे की खाली, ते हे सांगते. दिशादर्शक : विमानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते सांगतो. वळणदर्शक : विमान कोणत्या बाजूला आणि किती वेगाने वळते आहे, ते सांगतो.

दुसरे घराणे हवेच्या दाबाचे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की वाऱ्याचा रेटा जाणवतो आणि वेग वाढला की रेटा वाढतो. विमानाच्या बाहेर समोर तोंड करून एक बारीक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. तिच्यात येणाऱ्या रेट्यावरून वेगमापक चालतो. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलडाण्याला येताना कानात दडे बसतात आणि वेफर्सचे बंद पाकीट फुगते, हे अनेकांनी अनुभवले असेल. वर गेले की बाहेरचा दाब कमी होतो, म्हणून असे होते. उंचीमापक म्हणजे तशीच एक बंद धातूची डबी. ती फुगते-आकसते आणि काटा फिरतो. आणि ही उंची किती वेगाने वाढते किंवा घटते, ते चढ-उतार दर्शक सांगतो.

दोन घराणी असण्याचा फायदा मोठा आहे. भोवऱ्याचे उपकरण बिघडले तर दाबाचे बिघडत नाही आणि दाबाची नळी तुंबली तरी भोवरा फिरतच राहतो. आता विमानांत काचेचे पडदे आले, फिरत्या चाकाच्या जागी लेसर आले, तरी तत्त्व तेच. आणि पडद्यांच्या बाजूला एक छोटे, स्वतंत्र, राखीव उपकरण आजही असते.

मेहकरच्या बेटीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे झाले. उरलेले अर्धे जास्त महत्त्वाचे आहे. उपकरणच खोटे बोलू लागले तर?

१ जानेवारी १९७८, मुंबई

एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, ‘सम्राट अशोक’, त्या रात्री सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघाले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. आखाताच्या नोकऱ्यांचा तो सुरुवातीचा काळ होता. ना पाऊस होता, ना वादळ. विमान किनारा ओलांडून अरबी समुद्रावर आले. शहराचे दिवे मागे राहिले. पुढे काळे पाणी आणि वर काळे आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही. म्हणजे ढग नसूनही अवस्था ढगातलीच.

विमानाने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज विमान अजून उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. ते बिघडले होते. कॅप्टनला सुमारे अठरा हजार तासांचा अनुभव होता. उजवा कल काढण्यासाठी त्यांनी विमान डावीकडे कलवले. काटा हलेना, म्हणून आणखी डावीकडे. आपले उपकरण ठीक नाही असे ते बोलले. सहवैमानिकालाही आपल्याकडचे चित्र पटले नाही. विमान खरोखरच इतके कलले होते की बरोबर दाखवणारे उपकरणही बिघडल्यासारखे वाटले. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने त्यावर विसंबू नका म्हणून तिसऱ्या, राखीव उपकरणाकडे लक्ष वेधल्याचे कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत आहे. पण वेळ संपली होती. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

या घटनेतला धडा नीट समजून घेऊ. त्या क्षणी कॉकपिटमध्ये साक्षीदार अनेक होते. कॅप्टनचे क्षितिज म्हणत होते, “विमान उजवीकडे कलले आहे.” विमान उजवीकडे कललेले असते तर दिशादर्शक उजवीकडे सरकला असता. सहवैमानिकाचे क्षितिज आणि राखीव क्षितिज वेगळेच सांगत होते. दाबाच्या घराण्यातला उंचीमापक उतरू लागला होता. एक विरुद्ध बाकी सगळे. जिल्हा न्यायालयात एकाच साक्षीवर खटला उभा असेल, तर न्यायाधीश ती साक्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघतात. इथे तसे ताडायला पुरेसे पुरावे होते. मिळाली नाहीत ती काही सेकंदे.

म्हणून आज वैमानिकाला फक्त “उपकरणांवर विश्वास ठेव” असे शिकवत नाहीत. शिकवतात ते नजर फिरती ठेवायला. क्षितिज, वेग, पुन्हा क्षितिज, उंची, पुन्हा क्षितिज, दिशा. एका काट्यावर नजर खिळली की धोका. काट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या घराण्यातल्या काट्याकडून पटवून घ्यायची आणि जो एकटा पडेल त्याला बाजूला ठेवायचे. २००९ साली १ जूनला रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या विमानात याच्या उलट झाले. उंचावरच्या ढगातल्या बर्फाच्या कणांनी पिटो नळ्या तुंबल्या आणि वेगमापक चुकीचे सांगू लागले. भोवऱ्याचे घराणे आणि उंचीमापक यांच्या आधारे विमान सांभाळता आले असते. गोंधळात तसे झाले नाही आणि २२८ जण गेले.

हवेची साक्ष

आता खामगावच्या भगिनींकडे वळू. उपकरणे विमानाचे हाल सांगतात, पण पुढे हवा कशी आहे हे हवामानशास्त्र सांगते. मोठ्या विमानतळांवरून साधारण दर अर्ध्या तासाला हवेचा एक छोटा अहवाल निघतो, त्याला ‘मेटार’ म्हणतात. त्यात वारा कोणत्या दिशेने आणि किती, किती अंतरावरचे दिसते, ढग किती उंचीवर आहेत, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब एवढे ओळीने लिहिलेले असते.

यातले शेवटचे तीन आकडे नवशिके हलके घेतात. दाबाचा आकडा उंचीमापकात भरावा लागतो, कारण त्या डबीला फक्त दाब कळतो, जमीन कळत नाही. हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने उतरला आणि आकडा बदलायचा राहिला, तर उंचीमापक पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवतो. वैमानिकाला वाटते आपण वर आहोत आणि विमान असते खाली. डोंगराळ भागात ढगातून उतरताना तीनशे फूट म्हणजे जगणे-मरणे.

तापमान आणि दवबिंदूचे नाते तर आपल्या शेतकऱ्यांना न शिकवता माहीत आहे. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान. रात्री आकाश मोकळे, वारा जवळजवळ बंद, रब्बीला पाणी दिलेले किंवा अवकाळी पाऊस पडून गेलेला, की शेतकरी म्हणतो, “उद्या धुई पडणार, तुरीचा फुलोरा जाणार.” मेटारच्या भाषेत याचाच अर्थ असा की तापमान घसरत दवबिंदूजवळ आले आहे. संध्याकाळी दोघांत आठ अंशांचे अंतर असेल आणि मध्यरात्री ते दोनवर आले, तर पहाटे धुक्याची तयारी ठेवायची. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला धुके म्हणते.

आता “आम्हाला दिवे दिसत होते” याचा हिशोब करू. समोरची इमारत असेल शंभर मीटरवर. तुम्ही स्थिर बसलेल्या होता. प्रवासी जेट विमान उतरताना ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर जाते. शंभर मीटर म्हणजे त्याला दीड सेकंदही नाही. यंत्रांच्या मदतीने उतरण्याच्या पहिल्या श्रेणीत धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंत दिसावे लागते. तेवढे अंतर विमान आठ सेकंदांत कापते. त्याच आठ सेकंदांत धावपट्टी ओळखायची, विमान तिच्या मध्यावर आहे का बघायचे आणि चाके टेकवायची. दिल्लीसारख्या ठिकाणी अधिक नेमकी यंत्रणा, तशी विमाने आणि तसे खास शिक्षण घेतलेले वैमानिक असतील, तर पन्नास मीटर दृश्यमानतेतही उतरता येते. पण ही सोय प्रत्येक विमानतळावर नसते. आणि पुष्कळदा तुमचे विमान अडते, कारण तेच विमान दुसऱ्या गावाहून येऊन आधी तिथे उतरायचे असते.

पहिल्या श्रेणीत आणखी एक रेघ आखलेली असते. धावपट्टीपासून दोनशे फूट उंचीवर आल्यावर तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरायचे नाही. पुन्हा वर जायचे. “थोडे आणखी खाली जाऊन बघू” याला तिथे जागा नाही. ही रेघ जमिनीवर, शांत डोक्याने, आधीच आखलेली असते, कारण धुक्यात शिरलेल्या माणसाला घाई असते, थकवा असतो आणि मागे दीडशे प्रवासी वेळ बघत असतात.

धुक्याखेरीज दुसरी मोठी काळजी वळवाच्या ढगाची. मार्च ते जूनमध्ये दुपारनंतर सातपुड्याकडून फुलकोबीसारखे वर चढत जाणारे ढग आपण पाहतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाडा विसरलेला नाही. अशा ढगात हवा एका ठिकाणी जोराने वर जाते आणि शेजारीच धाडकन खाली येते. खाली आलेली हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, मग वरून दाब, मग मागून वारा. काही सेकंदांत वेग आणि उंची दोन्ही जातात. म्हणून नाकातल्या रडारवर असा ढग दिसला की सुमारे वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, लांबून वळसा घालायचा असा दंडक आहे. वळशाने उशीर होतो. होऊ द्यावा.

शेजारच्या खुर्चीचा आवाज

७ ऑगस्ट २०२० ची रात्र. कोविडच्या काळात अडकलेल्यांना घेऊन दुबईहून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान केरळच्या कोझिकोडला आले. आत १९० जण. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले अनुभवी वैमानिक, आई-वडील नागपूरला. जोरदार पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही. समोरच्या काचेवरचा कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात विरुद्ध दिशेने उतरायचे ठरले. त्या दिशेला मागून वारा होता. विमान सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीची जवळजवळ निम्मी लांबी ओलांडून टेकले. डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, ओली जमीन. विमान थांबले नाही आणि टोकापलीकडच्या खोलगट भागात कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे त्याने संभाव्य कारण म्हटले आणि सहवैमानिकाने “पुन्हा वर चला” असे सांगूनही विमान उतरवले गेले, हेही नोंदवले. गेलेल्या माणसावर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. अनुभवी, धाडसी, कर्तबगार माणसाच्या बाबतीतही हे घडू शकते, म्हणून लिहितो. १९७८ मध्ये मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने इशारा दिला होता. २०२० मध्ये शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने दिला. दोन्ही वेळा धाकट्या खुर्चीतला माणूसही एक साक्षीदार होता आणि त्याचे म्हणणे खरे होते.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने यावर कार्यशाळा भरवली. तेव्हापासून कॉकपिटमध्ये बोलायचे कसे आणि ऐकायचे कसे, याचे शिक्षण सुरू झाले. धाकट्याने स्पष्ट बोलायचे, आडून सुचवायचे नाही. थोरल्याने ऐकायचे आणि “पुन्हा वर चला” ही हाक आली की वाद न घालता वर जायचे. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना टोकण्याची पद्धत नाही. “भाईजान, जरा बघा ना” इतकेच आपण पुटपुटतो. कॉकपिटमध्ये आदराची रीत वेगळी आहे. तिथे खरे आणि वेळेवर सांगणे हाच आदर.

बेटी, आता तुझ्यासाठी

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, वय अठरा पूर्ण हवे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे ‘डीजीसीए’ची वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा पार व्हायला हव्यात आणि किमान दोनशे तासांचे उड्डाण हवे. लेखी परीक्षेत विमान हवामानशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. वर वाचलेस ते सगळे त्यात येते. ढगातून उडण्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ नावाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. विदर्भात गोंदियाला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे.

खर्च मोठा आहे, अर्ध्या कोटीच्या आसपास जाऊ शकतो. हे अब्बूंपासून लपवू नकोस. कर्ज, शिष्यवृत्ती आणि घरची कुवत यांचा हिशोब कागदावर मांडूनच बोला. वैद्यकीय तपासणी आधी करून घे, म्हणजे फी भरल्यावर अडचण निघणार नाही. हैदराबादच्या सय्यदा सलवा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करत. समाजातल्या लोकांनी हात दिला, शासनाने मदत केली आणि त्या वैमानिक झाल्या. वाट अवघड आहे, बंद नाही. आणि ती जमली नाही, तर विमानांना आकाशात वाट दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना किंवा इंजिनिअरना भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेला बसता येते. तिथेही हीच विद्या लागते आणि खर्च आवाक्यात राहतो.

तोवर एक काम कर. डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने एक वही ठेव. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोरडा आणि ओला असे दोन पारे असलेला आर्द्रतामापक असतो, शिक्षकांना विचारून तो वापर. रोज संध्याकाळी दोन्ही पारे, आकाश मोकळे की ढगाळ, वारा आहे की नाही, शेतात पाणी सुरू आहे का, हे लिही. दोन्ही पारे जितके जवळ, तितकी हवा ओली. मग अंदाज लिही की उद्या पहाटे धुई पडेल की नाही. सकाळी उठून खरे काय झाले ते लाल शाईने लिही. आजोबांनाही त्यांचा अंदाज विचार आणि तोही शेजारच्या रकान्यात लिही. एका पाऱ्यावर अंदाज बांधलेले दिवस आणि चार गोष्टी ताडून बांधलेले दिवस वेगळे काढ. हजेरी कोणाची जास्त भरते ते तुलाच दिसेल. ती वही अब्बूंना दाखव.

खामगावच्या भगिनींना एवढेच सांगायचे आहे की त्या सकाळी वैमानिकाला भीती वाटत नव्हती, त्याने मोजमाप घेतले होते. मोजमाप “नाही” म्हणत होते आणि तो त्याला “हो” म्हणवून घेत नव्हता. पुढच्या वेळी विमान उशिरा सुटले तर काउंटरवरच्या मुलांशी वाद घालण्याऐवजी मोबाईलवर त्या विमानतळाचा मेटार काढून बघा. तापमान आणि दवबिंदू एकाच आकड्यावर आलेले दिसले, तर चहा घ्या आणि घरी फोन करून सांगा की उशीर होईल, काळजी करू नका.

पुढच्या अंकात नियंत्रण मनोऱ्यात बसलेले लोक एकाच आकाशात इतकी विमाने वेगळी कशी ठेवतात ते पाहू. प्रश्न पाठवत राहा. खुदा हाफिज.